एक्केचाळीस सह्या

बाहेरचं दार मिटल्याशिवाय आतलं उघडत नाही, हे चाकणच्या त्या औषध कंपनीत पहिल्याच दिवशी शिकवतात. दोन दारांमधल्या चिमुकल्या खोलीत निशिगंधा पाच मिनिटं अडकून उभी होती आणि आतलं दार काही केल्या उघडेना. वळून बघते तर बाहेरच्या दारात एक लॅपटॉपची बॅग टेकवलेली, आणि बॅगेचा मालक फोनवर कुणाला तरी क्लाउड म्हणजे काय ते समजावतोय.

“तुमची बॅग आत येतेय की बाहेर जातेय?”

तो वळला. टोपी, मास्क, पांढरा अंगरखा... दिसत होते ते फक्त डोळे. ओशाळलेले, आणि तरी हसरे.

“तिचं ठरलं नाही अजून.”

“ठरेपर्यंत मी इथंच म्हातारी होईन. काढा ती.”

त्यानं बॅग ओढली. दार मिटलं. काचेपलीकडून ते डोळे अजून हसतच होते.

तो निमिष, बाहेरच्या सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस. वाकडहून रोज मोटारसायकलवर यायचा. ही औषध कंपनी लहान मुलांच्या तापाचं सिरप बनवायची. तिथलं प्रत्येक काम कसं करायचं, ते कधी बदललं, कुणी वाचलं, कुणी सही केली, हे सगळं आजवर कपाटांतल्या फायलींत होतं. आता ते क्लाउडवर न्यायचं होतं. ती कपाटं चार वर्षं निशिगंधानं सांभाळली होती. त्यामुळे पहिला आठवडा ती त्याच्याशी घरावर जप्ती घेऊन आलेल्या माणसाशी बोलावं तशीच बोलली.

पण तो चढवायचा ती पानं तिला तपासावी लागत. ती चुका काढायची, तो दुरुस्त करायचा. सगळं बोलणं त्या नव्या सिस्टिममध्येच, कागदाच्या कडेला. तिथं एकदा लिहिलेलं कुणालाच पुसता येत नाही, त्यालासुद्धा नाही. आणि तरी एके दिवशी, सिरपची टाकी धुण्याच्या पद्धतीखाली, त्यानं लिहिलं, ‘पान सहा तपासलं. चहा घेणार का?’

ती तरातरा आतल्या, मास्कसक्तीच्या खोलीतल्या त्याच्या टेबलापाशी गेली. “हे आता कायमचं राहणार, कळतंय का? ऑडिटर वाचेल.”

“वाचू दे. पान सहा तपासलंय हेही कळेल त्याला.”

ती फणकाऱ्यानं परतली. थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसली... आणि खाली लिहिलं, ‘साखर कमी.’

कॅन्टीनमध्ये त्याला पहिल्यांदा मास्कशिवाय बघितलं, तेव्हा तिला वाटलं, डोळ्यांनी आधीच बरंचसं सांगून टाकलं होतं.

मग तो शुक्रवार आला.

टाकी धुण्याची पद्धत बदलली होती. एक्केचाळीस कामगारांनी ती वाचून, आपापल्या पासवर्डनं सही करायची होती. पण महिनाभर कुणालाही लाइनवरून अर्धा तास सोडलं नव्हतं, आणि सोमवारी ऑडिट. गुणवत्ता विभागाचे प्रमुख शेखर सर सकाळीच एक यादी घेऊन आले. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस पासवर्ड. सगळ्यांच्या नावानं तुम्हीच सह्या करून टाका, वाचतील नंतर सावकाश, असं ते म्हणाले. ती नाही म्हणाली. मग सोमवारपासून यायची गरज नाही, असं त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं.

ती थेट निमिषकडे गेली. तो तिच्या बाजूनं बोलेल, याची तिला इतकी खात्री होती की तिनं नीट श्वासही घेतला नव्हता. निमिष खाली बघून बोलला. सिस्टिम सोमवारी सुरू झाली नाही तर त्याला प्रोजेक्टवरून काढणार होते. एकदाच करा, पुढच्या आठवड्यात मी स्वतः सगळ्यांना शिकवीन, म्हणाला.

“आणि तोवर टाकी चुकीची धुतली गेली तर? ते सिरप कुणाच्या तरी बाळाच्या पोटात जाणार, निमिष. तेव्हा जाब कुणाला विचारतील? टाकी धुणाऱ्या छबूबाईला. सही तिची दिसणार ना.”

त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला.

“एवढं सगळं बांधलंत तुम्ही. त्यात पहिलं खोटं माझ्या हातानं लिहून हवंय?”

उत्तराची वाट न बघता ती खाली गेली. पद्धतीचं मराठी रूप तिनंच केलं होतं. टॅब घेऊन ती चहाच्या सुट्टीत पाच-पाच जणांना वाचून दाखवू लागली. पहिल्या पाचांच्या सह्या झाल्या. मग छबूबाई आल्या, अठरा वर्षं टाक्या धुणाऱ्या. बोट ठेवून एकेक ओळ वाचत त्या मधेच थांबल्या.

“पोरी, हितं गरम पानी दोनदा लिवलंय. आमी तर एकदाच टाकतोय की.”

बदल नेमका तोच होता.

सहीसाठी छबूबाईंनी आपला पासवर्ड टाकला, तर तो चालेना. ‘नवीन पासवर्ड स्वतः ठेवा,’ असं स्क्रीनवर आलं. पुढच्याचंही तेच. ती गोंधळून बघते तर दारात निमिष. टोपी, मास्क आणि डोळे.

यादीतले सगळे पासवर्ड त्यानं बंद केले होते. दुसऱ्याच्या नावानं सही करणं आता कुणालाच जमणार नव्हतं. कारणाच्या रकान्यात तेच लिहून, खाली स्वतःचं नाव टाकलं होतं.

“शेखर सर?”

“ओरडतायत.”

“आणि तुमचा प्रोजेक्ट?”

“गेला. ऑफिसला मीच कळवलं. सहापर्यंत आहे मी. किती राहिले?”

“छत्तीस.”

“मग बघत काय बसलीस? वाच.”

अहोजाहो कधी गळून पडलं, त्याला कळलंही नाही. तिला कळलं. छबूबाईंनाही.

“सायेब, तिच्याकडं नगा बघू, कागुद बघा.”

तीनला पहिली शिफ्ट सुटली, पण सही केल्याशिवाय छबूबाईंनी एकालाही बसमध्ये चढू दिलं नाही. दुसरी शिफ्टही तिथंच रांगेत उभी राहिली. निमिष एकेकाला पासवर्ड ठेवायला शिकवत होता, ती वाचत होती, घसा बसला तरी वाचत होती. पावणेसहाला एक्केचाळिसावी सही झाली.

शेखर सरांनी मेमो हातात ठेवला. वरिष्ठांचा आदेश मोडल्याबद्दल खुलासा द्यावा. तिनं तिथंच, उभ्यानं लिहिलं, ‘होय, मोडला.’

त्यांनी कागद वाचला, मग स्क्रीनवरच्या एक्केचाळीस खऱ्या सह्या वाचल्या. शेवटी म्हणाले, “सोमवारी साडेआठला या. ऑडिटर नऊला येतोय.”

गेटवर निमिष पास परत करत होता. तिला बघून थांबला.

“सकाळी तुला जे सांगितलं... त्याची लाज वाटते.”

“वाटू दे थोडे दिवस.”

“मला तू आवडतेस, निशिगंधा. आणि भीतीही वाटते तुझी.”

“दोन्ही असू दे.” ती हसली. “चिंचवडला घरी सोडशील? आणि खालूनच पळायचं नाही. वर यायचं. आईला मी सांगणार आहे.”

“आज?”

“आजच.”

समोर थांबवून ठेवलेली बस होती, आणि तिच्या प्रत्येक खिडकीत दोन-दोन चेहरे. निशिगंधानं त्याचा हात हातात घेतला. तो सोडवू पाहतोय असं वाटलं, म्हणून अजून घट्ट धरला, आणि बसच्या अगदी समोरून, मुद्दाम सावकाश, त्याला घेऊन चालत गेली.