वजा बासष्ट

राउटर घेताना मी कंपनी बघत नाही, आतली चिप बघते. ज्याच्यावर ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे आपल्याला हवं तसं बदलता येणारं खुलं सॉफ्टवेअर, चढत नाही, तो डबा मला फुकट दिला तरी नको. कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे भाड्याची खोली, साधा खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. चारकोपच्या आमच्या घरासाठी मी आठवडाभर याद्या चाळून एक राउटर निवडला, त्यातलं मूळ सॉफ्टवेअर पुसलं, खुलं चढवलं आणि तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी. त्यांच्या छातीवर एक पट्टी चिकटवली होती. हृदयाचे ठोके त्या पट्टीतून वायफायवरून थेट डॉक्टरांकडे जायचे. पण रोज दुपारी चारला मध्येच तुटायचे.

"नेत्रा, असेच खंड पडत राहिले तर ॲडमिट करावं लागेल," डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

आणि बाबा, म्हणजे आमचे श्यामकांतराव, वय अठ्ठ्याहत्तर, एक नंबरचे हट्टी. "हॉस्पिटलात मी पाऊल ठेवणार नाही. तू बघ काय ते."

आमचं घर बैठं, एका सरळ रेषेत. मागे स्वयंपाकघर, मध्ये बाबांची खाट, पुढे दार. मी शेजारपाजारच्यांच्या वायफायची गर्दी टाळून चॅनल बदलला, पॉवर वाढवली आणि मोबाइलवर सिग्नलचा आकडा बघत घरभर फिरले. हा आकडा वजामध्ये असतो, जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. सगळीकडे वजा बावन्न. बाबा कप ठेवायला मध्ये आले आणि सत्तावन्न झाला.

"बाबा, पाच अंक खाल्लेत तुम्ही!"

"मी काय केलं आता?"

"माणसाच्या अंगात पाणी असतं ना. ते सिग्नल अडवतं."

"मग वाळत घाल मला दोरीवर," बाबा म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले.

चार वाजले. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं. तरी त्याच्या उंबरठ्यापाशी सिग्नल पाचाने पडला, वजा सत्तावन्न. बरोब्बर पाच. अर्ध्या तासाने आपोआप सावरला.

दुसऱ्या दिवशी तो कपाटापाशी पडला, दोन पावलं पुढे. मी फ्रिज बंद केला, तीनदा चॅनल बदलला, फर्मवेअर पुसून परत चढवलं. तिसऱ्या दिवशी टेबलापाशी. चौथ्या दिवशी मी टेप घेऊन सिग्नल पडत होता त्या जागेचं मापच काढलं. रुंदी दीड फूट. मोबाइल वर नेत गेले, तर साडेपाच फुटांच्या वर आकडा स्वच्छ.

मी इंजिनियर आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अंगावर सरसरून काटा आला हे खरं, पण भीती नव्हती ती. इतक्या हळू, इतक्या शिस्तीत, कुणाला धक्का न लावता ते येत होतं, की मला पायातली चप्पल काढून उभं राहावंसं वाटलं. मी काढलीही. पण ते खाटेकडे येत होतं आणि खाटेवर माझे बाबा होते.

पाचव्या दिवशी चारला मी मोबाइल घेऊन तयार होते. कपाटापाशी काही नाही. टेबलापाशी काही नाही.

सव्वाचारला डॉक्टरांचा फोन. "काय केलंत काय? एकही खंड नाही! झकास. ॲडमिटचं आता विसरा."

मी तिथेच रडायला लागले. बाबांच्या गळ्यात पडले. त्यांच्या अंगाला नेहमीचा पावडरचा वास होता, हात उबदार होते.

"पुरे गं, चहा सांडेल," ते म्हणाले. "आज एकदम हलकं वाटतंय."

डोळे पुसून मी सवयीने शेवटचं माप घ्यायला खाटेच्या पलीकडे गेले. आता राउटर आणि मोबाइलच्या मध्ये बाबा होते.

वजा बावन्न.

सत्तावन्न हवा होता. मी पाठ फिरवून स्वतःला मध्ये आणलं. सत्तावन्न. पुन्हा बाबा मध्ये. बावन्न.

बाबा खारी बुडवून खात होते. चुरा लुंगीवर पडत होता.

मी एकेक पाऊल मागे सरकत दाराकडे गेले. बावन्न. बावन्न. बावन्न.

दारापाशी वजा बासष्ट.

दहा. दोन माणसांएवढे.

मी हात मागे नेऊन कडी घातली. दाराला पाठ लावून, मोबाइल छातीशी धरून उभी राहिले. आकडा हलला नाही.

"अशी दारात काय उभी राहिलीस?" बाबा खाटेवरून म्हणाले. आवाज प्रेमाचा होता. "सरक ना गं जरा."