पाणवठ्याची वेगळी घोषणा

मंगळावरच्या सह्यनगर वसाहतीत एकोणीस घुमट होते, पण बाहेरच्या जगाच्या लेखी ते एकच होते. 'या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंतचे सगळे पत्ते आमच्याकडे,' असं वसाहतीचं केंद्र उपग्रहांना सतत सांगत राही. ही समूहघोषणा. त्यामुळे उपग्रहांच्या मार्गयाद्या आटोपशीर राहत आणि वसाहत एकसंध दिसे. पाणवठा या टोकाच्या घुमटाचे प्रमुख दत्ताराम शेवडे वेगळी घोषणा मागत, तेव्हा अध्यक्ष सुगंधा केळशीकर दर वेळी नकार देत.

धुळीच्या वादळात दरड कोसळली आणि केंद्रापासून पाणवठ्याकडे जाणारी केबल तुटली. नेमका त्याच दिवशी शेवड्यांच्या आतड्याला पीळ पडला. शस्त्रक्रिया करणार होता घुमटातला यंत्रहात, आणि तो चालवणारी डॉक्टर होती फोबोस या चंद्रावरच्या रुग्णालयात.

"पाणवठ्याचं चित्र डॉक्टरांना दिसतंय," केंद्रात जाळ्याचा अभियंता इरफान मुकादम सुगंधाबाईंना म्हणाला. "शेजारच्या केनियन वसाहतीच्या मनोऱ्यावरून जातंय ते. पण डॉक्टरांचे आदेश आपल्याकडे येऊन विरतात."

"आपल्याकडे का?"

"सगळे पत्ते आमच्याकडे, असं आपणच सांगतोय ना. आतला एक तुटलाय, हे त्या घोषणेत दिसतच नाही."

"मग काय करता येईल?"

"पाणवठ्याची छोटी घोषणा केनियन मनोऱ्यावरून करायची. मोठी आणि छोटी दोन्ही असल्या, तर उपग्रह छोटीचं ऐकतात. पण एकाच घोषणेचा नियम मोडावा लागेल."

एकाला परवानगी दिली की सगळे मागतील, हे सुगंधाबाईंना ठाऊक होतं.

"करा," त्या म्हणाल्या.

थोड्याच वेळात पाणवठ्यातला यंत्रहात हलला. शेवडे वाचले.

वादळ सरलं, केबल जोडली गेली. सुगंधाबाईंनी शेवड्यांना फोन लावला.

"तब्येत कशी आहे?"

"जगलो, बाई. तुमच्यामुळे. पण ती घोषणा बंद करू नका. आम्ही इथे आहोत, हे पहिल्यांदाच कोणाला तरी कळलंय."

आठवडाभरात आणखी चार घुमटांनी मागणी केली. सुगंधाबाई इरफानच्या खोलीत येऊन बसल्या.

"सगळे वेगळे झाले, तर आपल्या घोषणेचं काय?"

"ती राहील. पण तिच्याकडे कोणी बघणार नाही."

"कधीच नाही?"

"एखाद्याची छोटी घोषणा बंद पडली, की त्याचे निरोप पुन्हा आपल्याकडे येतील. फक्त तेव्हा."

म्हणजे ज्या दिवशी कोणी संकटात असेल, त्याच दिवशी सह्यनगर हे नाव कामाला येणार होतं. एरवी ते असून नसल्यासारखं. सुगंधाबाई भिंतीवरच्या नकाशासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आणि तेव्हाही निरोप आपल्याकडे येऊन विरले, तर?"

इरफानने नकाशावर पाणवठ्याच्या एकुलत्या एका केबलवर बोट ठेवलं.

"चौघांनाही परवानगी द्या," त्या म्हणाल्या. "आणि इथून प्रत्येक घुमटापर्यंत दुसरी केबल टाकायला घ्या. सुरुवात पाणवठ्यापासून."