रविवारी वाळत घातलेले शर्ट

आमच्या लुईस बेटावर रविवारी वारासुद्धा परवानगी काढून वाहतो, असं बाहेरचे लोक म्हणतात. साफ खोटं. वारा वाहतो, आम्ही फक्त त्याच्याकडे दुर्लक्ष करतो.

तर अशाच एका रविवारी सकाळी काळी हॅट घालून चर्चला निघालेली मर्डीना मॅकआयव्हर टॉर्किल मॉरिसनच्या अंगणाशी थबकली. रविवारी आमच्याकडे कुठलंही काम म्हणजे पाप, आणि इथे दोरीवर शर्ट वाळत होते. एक निळा, एक पांढरा आणि एक असा पिवळा, की मेंढ्यांनी चरणं थांबवलं होतं.

टॉर्किल म्हणजे आमच्या गावचा कवी. लिस्बन, झांझिबार, वाल्पराइसो... जगभरच्या बंदरांवर कविता लिहून नाव काढलेला. कित्येक वर्षांनी आला होता, तोही मामाच्या रिकाम्या घराला कुलूप लावायला. सोमवारच्या बोटीने पुन्हा जाणार होता. ही बोट मर्डीनाला शाळेपासून आवडत नसे. त्याचं कारण तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या गावाला माहीत होतं.

तिने दार ठोठावलं. ते वीतभर उघडलं. आत टॉर्किल, ब्लँकेट गुंडाळून.

"टॉर्किल, लाज आहे का काही?"

"आहे ना. म्हणून तर ब्लँकेट."

"आज वार कुठला?"

"शनिवार."

"रविवार!"

त्याचा चेहरा शर्टाइतका पांढरा झाला— त्या पांढऱ्या शर्टाइतका. "प्रवासात एखादा दिवस सांडतो गं कुठेतरी..."

"सांडायचाच होता तर मंगळवार सांडायचास! गाव जेवायला घालत नाही आता तुला."

"थांब, आत्ता काढतो."

"खबरदार! रविवारी दोरीवरून कपडे काढणं म्हणजेही कामच."

"मग?"

"मग काय... लटकू देत. बाबांचा कोट आणते, तो घालून चर्चला चल. निदान माणूस तरी धुतलेला दिसू दे."

कोट मर्डीनाच्या वडिलांचा, तेव्हा बसायचं बाकही त्यांचंच, असा काहीसा हिशेब होऊन दोघं शेजारी बसली. मी मागच्या बाकावर होतो. प्रार्थनेत खंड न पडू देता मला सगळं ऐकू येत होतं. पाद्रीबाबांनी ऐनवेळी विषय बदलून पापी माणसाच्या वस्त्रांवर प्रवचन केलं. ते रंगात आल्यावर मर्डीनाने, समोर बघत बघतच, पेपरमिंटची गोळी शेजारी सरकवली. ती घेताना त्याची बोटं तिच्या हातमोज्यावर जरा... जरा जास्तच रेंगाळली. हातमोजाही काही घाईत दिसला नाही.

परतताना ती म्हणाली, "तुझ्या पुस्तकांत जगातली सगळी बंदरं आहेत. आपला धक्का तेवढा नाही."

"वाचलीस तू पुस्तकं?"

"चाळली." (तिला ती पाठ होती.)

"एखादं बंदर सुटलं की मग मी त्याच्यावर लिहितो," टॉर्किल म्हणाला. "हे अजून सुटलेलं नाही."

यावर मर्डीनाने हॅट सरळ केली. ती सरळच होती.

दुपारी, आम्ही दुर्लक्ष करत असताना, वाऱ्याने पिवळा शर्ट उचलला आणि मर्डीनाच्या अंगणात जळणाच्या ढिगावर आणून टाकला. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभी राहून त्याच्याकडे बघत होती. उचलणार कोण? रविवार होता.

"उद्या देते," ती म्हणाली.

"उद्या सकाळी माझी—"

"बोट. माहीत आहे."

सोमवार आमच्याकडे धुण्याचा दिवस. बंदराकडे जाणारी बस यायची होती. टॉर्किल बॅग घेऊन रस्त्यावर उभा होता, आणि त्या सकाळी अर्ध्या गावाला बसथांब्यावर काहीतरी काम निघालं होतं. मर्डीना बादली घेऊन अंगणात आली. तिने आपला परकर वाळत घातला. मग ब्लाउज. मग, अगदी त्याला चिकटून, पिवळा शर्ट. धुतलेला, थेंब गाळणारा.

एकट्या बाईच्या दोरीवर पुरुषाचा शर्ट! आमच्याकडे हे म्हणजे चर्चमध्ये उभं राहून लग्न जाहीर करण्यासारखंच. गावभरच्या बायका तोंडात चिमटे धरून जागच्या जागी थिजल्या.

"मर्डीना! माझा शर्ट!"

"ओला आहे."

"बस आली गं!"

"डोळे आहेत मला. ओलाच कोंबलास तर बॅगेतल्या कविता भिजतील."

"वाळायला किती वेळ लागेल?"

तिने समुद्राकडे पाहिलं. तिकडून काळंकुट्ट आभाळ चालून येत होतं. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तू... किती वेळ थांबशील?"

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. "कवी, चढतोस की नाही?"

टॉर्किलने बॅग खाली ठेवली. "नाही रे. माझे कपडे वाळायचेत."

पाऊस आला. शर्ट काढायला कुणीच धावलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दोरीवर लहान लहान पिवळे शर्टही वाळतात, सोमवारी. आमच्या धक्क्यावर मात्र टॉर्किलने अजून एक ओळ लिहिलेली नाही. मर्डीना ते सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगते.