टेकोड्याची जागा

"राजदीप, मी पाखरू असती, तर कोणतं असती?"

विचारलं बाई एकदाचं! निकितानं पैज लावली होती – वर्गातल्या त्या मुक्याला बोलतं करून दाखव. शाळेमागच्या तलावाच्या पाळीवर सगळ्या मैत्रिणी कान टवकारून बसलेल्या.

त्यानं काठावरच्या पाणकणसाच्या उंच गवताकडे बोट केलं. आत एक चिमुकलं पाखरू... दिसत नव्हतं, पण नुसती किरकिर, किरकिर!

"ते. वटवट्या."

पोरी खो-खो हसल्या. माझे कान तापले.

"अन् तू टेकोडा! रानातली अळंबी! वीज कडाडली की जंगलात दोन दिवस छत्री उघडतो, मंग वर्षभर पत्ता नाही!"

"पत्ता असते," तो हळूच म्हणाला. "टेकोडा वारुळाच्या आत वर्षभर जित्ताच असते. वरून दिसत नाही, एवढंच."

आणि माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं, की मी – चक्क मी! – गप्प बसले.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, तर हा सायकल धरून फाटकाशी उभा.

"चाल, एक गंमत दाखवतो."

त्यांच्या तुरीच्या शेताचा बांध, म्हणजे धुरा, ओलांडला की सागाच्या ओल्या पानांत एक वारूळ. भोवती पांढरे टेकोडेच टेकोडे!

"आमच्या घरी ही जागा जावयालेही दाखवत नाहीत," तो म्हणाला.

"मंग मले काहून दाखवली? अख्ख्या गावाले माहीत आहे, माह्या पोटात काही राहत नाही!"

"वटवट्या दिवसभर ओरडते..." तो एकेक टेकोडा माझ्या ओढणीत ठेवत होता, माझ्या बोटांना बोट लागू न देता. "पण घरटं कुठी आहे, कोणाले समजू देते का?"

मला एकदम हसू आलं. आणि रडूही.

घरी आईनं ओढणी उघडली अन् ओरडलीच. "अवो, ऐकलं का? एवढे टेकोडे!" बाबाही धावत आले. आईनं लगेच विचारलं, "कुठी सापडले, अपेक्षे? सांग, उद्या मी अन् शेजारची विमलताई टोपलं घेऊन जातो."

अगदी जिभेवर आलं होतं हो! धुरा, साग, वारूळ... सगळं. ओठ घट्ट मिटले. मग उघडले.

"आई, बाबा, राजदीपनं दाखवले. तो मले आवडते. रागवायचं तं रागवा. पण जागा मी सांगणार नाही – तुम्हालेही नाही, कधीच नाही!"