रेषा बंद करून

दुकानातल्या ज्या माणसाला तिने तासभर राबवून घेतलं, तो त्या दुकानाचा नव्हताच, हे तिला पैसे द्यायच्या वेळी कळलं.

"केवढ्याला हा?" तिने विचारलं होतं.

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "मीही घ्यायलाच आलोय."

ती थिजलीच. या तासाभरात तिने त्याला खुर्ची आणायला लावली होती, पंखा वाढवायला सांगितला होता आणि वर 'तुमच्याकडे माल फार थोडा' म्हणून ऐकवलंही होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. तो मात्र शांतपणे हसत होता, आणि हसताना त्याच्या डाव्या गालावर... पण तिकडे बघायची ती वेळ नव्हती.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. हात असा स्थिर, की डॉक्टर मंडळी तिच्याच प्रयोगशाळेचा हट्ट धरत. तो हात बिलियर्ड्सच्या टेबलावरही चालायचा. शहराच्या संघात एकच जागा रिकामी होती, सहा आठवड्यांनी निवडीचे सामने होते, आणि गेली दोन वर्षं ती जागा तिच्या तोंडाशी येऊन हुकली होती. नेमकी आत्ताच क्लबची फरशी उखडली आणि टेबल सुटं करून भिंतीला टेकवलं गेलं. म्हणून सरावाला कॉम्प्युटरवरचा खेळ शोधायची पाळी आली. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याच्या कंपनीने कँटीनमधलं टेबल विकून टाकलं होतं, आणि त्यालाही तीच जागा हवी होती.

दुकानात पाहिलेला पहिला खेळ चकचकीत होता. क्यूची काठी धरली की पडद्यावर पांढरी रेषा उमटायची, चेंडू कुठे जाणार ते आधीच सांगायची. "खऱ्या टेबलावर ही रेषा कोण काढून देणार?" असं त्याने विचारलं, तेव्हाच तिला हा विक्रेता हुशार वाटला होता. दुसऱ्या खेळात चेंडू टेबलाच्या कडेच्या कुशनवरून फुटाण्यांसारखे उडत. तिसरा अगदी रुक्ष. ना गाणं, ना झगमगाट. पण रेषा बंद करता यायची, नजर क्यूच्या पातळीला आणता यायची, कुशनला लागलेला चेंडू खऱ्यासारखा दमून परतायचा, आणि प्रत्येक फटक्याची नोंद राहायची. त्याचा एकच डबा उरला होता.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. "एवढं राबवून घेतलंत, आता फुकट नको जायला."

डबा प्रयोगशाळेत आला, पण तिथल्या जुन्या कॉम्प्युटरला त्यातला खेळ झेपेना. दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा दिसला. समोरच्या इमारतीची लिफ्ट बिघडली होती. त्याच्या ताईचा त्यांच्या राहत्या घरातच कॉम्प्युटरचा क्लास होता, संध्याकाळी सहानंतर एक मशीन मोकळं असायचं. डबा तिचा, मशीन ताईचं, सराव दोघांचा, असं ठरलं. ताई कोपऱ्यात बसून विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायची आणि एकही पान उलटायची नाही.

तिसऱ्या संध्याकाळी 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो तिला कवळीवाली म्हणू लागला. ती फटका मारताना ओठ दुमडते हे त्याने सांगितलं, तेव्हा तिचा फटका हुकलाच. "असं बघत बसलास तर मी कशी खेळू?" "मग कुठे बघू... पडद्याकडे?" "हो—पडद्याकडेच." त्याने पाहिलं पडद्याकडे, अगदी क्षणभर.

निवडीला बत्तीस खेळाडू होते, त्यामुळे समोरासमोर येण्याची भीती दोघांना नव्हती. तरी आले. अंतिम सामन्याच्या कागदावर दोन नावं लागली तेव्हा तिने तो कागद दोनदा वाचला.

"मुद्दाम हरलास," ती त्याला म्हणाली, "तर आयुष्यात तोंड दाखवू नकोस."

तो क्यूच्या टोकाला खडू घासत राहिला.

सामना तिच्या हातून निसटत चालला होता. त्याला एकच फटका हवा होता, लाल चेंडू मधल्या पॉकेटात. शेंबडं पोरही मारेल, इतका सोपा. तो वाकला, थांबला, मारला... आणि चेंडू पॉकेटाच्या काठाला लागून बाहेर आला. पुढच्याच पाळीत ती जिंकली. टाळ्या झाल्या खऱ्या, पण मागून कुणीतरी म्हणालंच, सोडला बरं का त्याने. दोन वर्षं जिच्यासाठी झुरली ती जागा मिळाली, आणि तिला रागाने रडू आलं.

ती तडक क्लासवर गेली. तो आधीच तिथे बसला होता.

"माझा डबा दे," ती म्हणाली. "भीक घालायची होती तर आधी सांगायचंस."

त्याने नुसती नोंदींची यादी उघडून पडदा तिच्याकडे वळवला. ताई उठायच्या आधीच्या, रोज सकाळच्या नोंदी होत्या. एकच फटका, पुन्हा पुन्हा. लाल चेंडू, मधलं पॉकेट. दोनशे बारा वेळा मारला होता. गेला होता एकसष्ट वेळा.



"तिथे माझा हात डावीकडे जातो," तो म्हणाला. "आठ वर्षं जातोय."

"मला एका शब्दाने बोलला नाहीस."

"सांगितलं असतं तर तू सामन्यात तोच फटका माझ्यापुढे ठेवला असतास."

"ठेवला असताच."

"म्हणून नाही सांगितलं."

तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे... तुला मला हरवायचं होतं?"

"जीव तोडून."

एवढं गोड वाक्य तिला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. तिला हसू येत होतं आणि डोळे अजून ओलेच होते. मग ती जे बोलली, त्याचा धक्का तिलाच सर्वांत जास्त बसला.

"मला तू आवडतोस. आता तू बोल."

तो उठता उठता दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टसारखा मधेच थांबला. "हरल्यावर पहिला विचार जागेचाच आला," तो शेवटी म्हणाला. "खोटं नाही सांगत. दुसरा आला, की आता संध्याकाळी सहाला ही कुणाबरोबर खेळणार... आणि तो विचार मला सोसेना."

तिने त्याचा हात हातात घेतला. तोच, डावीकडे जाणारा. कोपऱ्यात ताईने वही मिटली, किल्ली सापडत नाही, बाहेर बघून येते म्हणाली आणि निघून गेली. किल्ली दारालाच लटकत होती.