अर्धा अधिक अर्धा

"जरा थांबता?... तुम्हाला अर्धा तास वेळ आहे?"

टेबलाजवळून जाणारी पावलं थबकली. "मला विचारताय?" आवाज पुरुषाचा, तरुण... पण बसलेला. बरेच दिवस न वापरल्यासारखा.

"हो. मला दिसत नाही, आणि वाचून दाखवणाऱ्या बाई आज आल्या नाहीत. एकच प्रकरण आहे, सापेक्षतेचं."

दादरच्या त्या ग्रंथालयात हितेंद्र आपल्या वारलेल्या वडिलांची पुस्तकं द्यायला आला होता. लालबागचा, कॉमर्स झालेला. गिरगावची ऋग्वेदा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. त्यानं खुर्ची ओढली आणि अडखळत सुरुवात केली, "यू अधिक व्ही, भागिले एक अधिक यू व्ही..."

"छेदातला सी वर्ग खाल्लात."

"सॉरी! सकाळपासून उपाशी आहे."

ती खुदकन हसली. पुढच्या शनिवारी तो न बोलावता आला. मग दर शनिवारी येऊ लागला.

"एक सांगा," एकदा त्यानं विचारलं, "यान प्रकाशाच्या निम्म्या वेगानं निघालं आणि त्यातून पुढे निम्म्याच वेगानं काही सोडलं, तर जमिनीवरून त्याचा वेग प्रकाशाइतकाच ना? अर्धा अधिक अर्धा, एक."

"तुमच्या कॉमर्समध्ये! इथे आठ दशांश."

"आणि बाकीचे दोन कोणी लाटले?"

"कोणीच नाही. यानातले मीटर आणि सेकंद जमिनीवर जसेच्या तसे चालत नाहीत. आधी चौकट बदलायची, मगच बेरीज. आणि दोन्ही चौकटी सारख्याच खऱ्या — एक वरची, एक खालची, असं काही नसतं."

तो पुस्तकावर वाकला. त्याचा श्वास तेवढा तिला जवळून ऐकू येत राहिला... आणि का कोण जाणे, पुढचं वाक्य ती विसरली.

एकदा आईसाठी मसाला घ्यायला ती त्याच्याबरोबर लालबागला गेली. दुकानात त्याच्या शेजारच्या सुभद्राकाकू भेटल्या. "हीच काय ती, जिका वाचून दाखवतंस? पुण्याचा काम करतंस हां, झिला!"

हितेंद्र दुकानदाराला मसाल्याचा भाव विचारू लागला.

मसाल्याच्या तिखट वासानं डोळ्यांत पाणी आलं, असं ऋग्वेदा म्हणाली. सोमवारी तिनं ग्रंथालयात फोन करून दुसरं कोणी वाचायला मागितलं. त्याचे फोन उचलले नाहीत. शनिवार कोरडे जाऊ लागले. नवीन बाई एकही चिन्ह न चुकता वाचत, आणि तरी तिच्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

अखेर तोच गिरगावात तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"पुण्य कमी पडलं का?" तिनं विचारलं.

"ऋग्वेदा, तुम्ही सगळं तुमच्याच चौकटीतून मोजलंत."

"बरं. मग तुमच्या चौकटीतून काय दिसतं?"

"बाबा गेल्यापासून मी बोलायचाच बंद झालो होतो. घरी आईशीही नुसतं हं-हं. त्या दिवशी तुम्ही थांबवलंत... आणि किती महिन्यांनी मी माझाच आवाज ऐकला. माझ्याकडून बघितलं तर देणाऱ्या तुम्ही आहात. काकूंना हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं मी. पण सांगायला लागलो असतो, तर सगळंच सांगावं लागलं असतं."

"सगळंच म्हणजे?"

"म्हणजे... मला तुम्ही आवडता. फार."

ऋग्वेदा दाराची चौकट धरून उभी राहिली. लहानपणापासून लोकांनी तिला घेणारीच ठरवलं होतं, आणि नकळत तीही तेच धरून चालली होती. दोन्ही चौकटी सारख्याच खऱ्या, हे याला शिकवताना तिनं स्वतःला मात्र वगळलं होतं.

"कोण आलंय गं?" आतून आईनं विचारलं. "ते वाचायला यायचे, ते का?"

"नाही गं आई. हितेंद्र आलाय."

तिनं हात पुढे केला. त्याची बोटं सापडली — बर्फासारखी गार.

"इतका घाबरलास?" ती हळूच म्हणाली. "ये ना आत... मलाही काही सांगायचंय तुला."