आई, नऊ तास दहा मिनिटांवर

दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ सांगणाऱ्या एका वेबसाइटवर तो नोकरीला होता. शहरांची जोडी घ्यायची, सरळ रेषेतलं अंतर काढायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, की झालं पान तयार. वीस वर्षांत त्यानं लाखभर पानं केली आणि स्वतः विमानात बसला तीनदा.

त्याच्या आणि आईच्या शहरांमध्ये ७,३१८ किलोमीटर. नऊ तास दहा मिनिटं. आकडा तोंडपाठ असल्यामुळे आई त्याला शेजारच्या खोलीत असल्यासारखीच वाटे. कधीही उठून जाता येईल, म्हणून तो चार वर्षं गेला नव्हता.

आईनं अंथरूण धरलं तेव्हा ताईचा फोन आला. "येतोयस ना?"

"तिमाही अहवाल संपला की निघतोच."

"तिलाच सांग तसं. तिला फार काळजी असते तुझ्या अहवालाची."

त्या आठवड्यात एका वाचकाची तक्रार आली, नेमकं त्याच्या आणि आईच्या शहरांचं पान चुकलंय. उघडून बघतो तर ७,३६२. त्यानं दुरुस्त केलं. गुरुवारी ७,५४०. बाकीची सगळी शहरं जागच्या जागी होती.

"शहरं काय सरकतात का हो?" तांत्रिक विभागातले गृहस्थ म्हणाले. "रजा घ्या चार दिवस."

त्याच सुमारास आईचा आवाज उशिरा पोचू लागला. "जेवलीस का?" विचारलं की उत्तर तीन सेकंदांनी येई, मग वीस, मग दोन मिनिटांनी. ताई मात्र त्याच फोनवरून तडक बोले.

"अरे, ती लगेच बोलली. तूच गप्प बसलास."

रविवारी त्यानं विचारलं, "आई, मी येऊ का?"

सात मिनिटं फोन कानाला धरून बसला. काहीच आलं नाही, तेव्हा ठेवला. पान उघडलं. १९,९०४. त्यानं मंगळवारचं तिकीट काढलं.

विमान नऊ तास दहा मिनिटांतच पोचलं.

ताई दारात उभी होती. "पहाटे गेली," ती म्हणाली. "कालपर्यंत विचारत होती, त्याला ऐकू गेलं का गं?"

तिसऱ्या दिवशी माणसं पांगली. आईच्या खोलीत गादी गुंडाळून ठेवली होती. तो नुसत्या पलंगाच्या कडेवर टेकला होता. दुपारी त्याचा फोन वाजला. आईचा नंबर. आईचा फोन समोरच्या कपाटात होता, बंद.

"ये की रे बाळ्या," आई म्हणाली. "विचारतोस काय? कधी निघतोयस?"

फोनमध्ये तिच्या मागून ताईचा आवाज येत होता, आईला औषध घ्यायला सांगणारा.

खोलीत येणारी ताई दारातच थांबली. तिनंही ऐकलं होतं, रविवारचं उत्तर आत्ता पोचलेलं.

"पोचलो आई," तो म्हणाला. "तुझ्या खोलीतच आहे."

पलीकडून उत्तर नाही. फक्त श्वास, वाट बघणाऱ्या माणसाचा.

 ताई आतून चार्जर घेऊन आली, त्याच्या चालू फोनला लावला आणि त्याच्या शेजारी बसली.